हायब्रिडमध्ये पी०ए७२ कोड, सर्व्हिस सेंटर म्हणतंय अख्खा इन्व्हर्टर बदला. खरंच लागेल का?

कोयनाकाठचा
नमस्कार मंडळी. सेकंडहँड घेतलेली स्ट्रॉंग हायब्रिड एसयूव्ही आहे, कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही नाहीतर चर्चा भलतीकडेच जाते. परवा चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात चढावर मीटरमध्ये हायब्रिड सिस्टिमची वॉर्निंग आली, पिकअप एकदम मेला, इंजिन बंद झालं आणि गाडी नुसत्या बॅटरीवर रखडत कशीबशी कडेला घेतली. थोड्या वेळाने बंद करून परत चालू केली तर मीटरमध्ये रेडी (गाडी निघायला तयार) आलं, इंजिनपण लागलं, घरापर्यंत काही झालं नाही. ब्लूटूथवाल्या स्कॅनरवर पी०ए७२ दाखवतंय, जनरेटर फेज व्ही करंट. आमचा मेकॅनिक म्हणे अल्टरनेटरचा सेन्सर गेला, अन बॉनेट उघडून अल्टरनेटरच शोधत बसला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कोड बघून थेट इन्व्हर्टरचं (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा डबा) एस्टिमेट हातात दिलं, लाखाच्या वर. वॉरंटी संपलीये. सेन्सर एकटा मिळत नाही का? आणि हो म्हणायच्या आधी काय काय चेक करून घेऊ?

स्पॅनर_दहाबारा
आधी १२ व्होल्टची बॅटरी बघ भावा. ती मरायला टेकली की या गाड्या वाट्टेल ते कोड टाकतात. स्वस्तातली गोष्ट आधी.

वायरमनकाका
१२ व्होल्ट बघाच, पण घाटात ऐन लोडवर आलाय म्हणजे तेवढ्यावर थांबू नका.

तुमच्या गाडीत अल्टरनेटर नाहीये, १२ व्होल्टची बॅटरी डीसी-डीसी कन्व्हर्टर चार्ज करतो. कोडमधला जनरेटर म्हणजे ट्रान्सॅक्सलमधली (गिअरबॉक्सच्या जागी असलेला डबा) दुसरी मोटर, जी इंजिनवर फिरून वीज बनवते आणि बहुतेक अशा गाड्यांत इंजिनला स्टार्टपण तीच मारते, म्हणून ती बंद पडली की इंजिनही गेलं. तिला यू, व्ही, डब्ल्यू असे तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन लाइन. सेन्सर बऱ्याचदा दोनच फेजला असतात कारण तिन्हीच्या करंटची बेरीज शून्य, तिसरा हिशोबाने निघतो. हे हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्रावरून करंट मोजणारे) इन्व्हर्टरच्या आत फेजच्या पट्टीवर बसवलेले असतात, म्हणून सुटे मिळत नाहीत, तिथे सर्व्हिस सेंटर खोटं बोलत नाहीये. (कोणी १२ व्होल्टच्या निगेटिव्ह वायरवरचा छोटा सेन्सर गळ्यात मारायला बघेल, त्याचा याच्याशी संबंध नाही.)

पण कोड आला म्हणजे सेन्सरच मेला असं नसतं हो. कंट्रोलरला जो करंट अपेक्षित होता तो दिसला नाही, एवढंच तो सांगतो. कदाचित सेन्सर खरंच बोलतोय आणि फेजमध्येच गडबड आहे! केबलचा बोल्ट ढिला, टर्मिनल जळालेलं, नाहीतर वाइंडिंग. म्हणून त्यांना दोन गोष्टी मागा, फ्रीझ फ्रेम डेटा (कोड आला त्या क्षणाची नोंद) आणि कोडच्या मागचा सविस्तर कोड. ब्लूटूथ स्कॅनरला तो दिसत नाही, कंपनीच्या टूलला दिसतो, आणि सिग्नल वर अडकला, खाली अडकला की दोन सिग्नल जुळत नाहीत ते त्यातून कळतं. मग रेडी करून, पण जनरेटर स्थिर असताना, लाइव्ह डेटात फेज करंट बघायला सांगा, शून्याच्या आसपास पाहिजे. ५ व्होल्टवर चालणारा असा सेन्सर शून्य करंटला साधारण अडीच व्होल्ट देतो, तिथून सरकलेला दिसला तर सेन्सरवर किंवा त्याच्या सप्लाय-अर्थवर संशय.

मोटर कंट्रोलर इन्व्हर्टरच्या आत आहे की बाहेर तेही वायरिंग डायग्रामवर बघून घ्या. बाहेर असेल तर सेन्सरची वायर कनेक्टरमधून जाते, आणि आपल्याकडे पाऊस आणि उंदीर दोघेही तिथेच पोचतात. आत असेल तर बाहेरच्या कनेक्टरवर सप्लाय आणि अर्थ तेवढे तपासायचे.

नारंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या केबलला स्वतः हात लावायचा नाही. सर्व्हिस प्लग (मोठी बॅटरी तोडणारा) काढल्यावरही कपॅसिटरमध्ये व्होल्टेज राहतं, बऱ्याच मॅन्युअलमध्ये किमान १० मिनिटं थांबून, १००० व्होल्टचे ग्लोव्ह्ज घालून, मीटरने खात्री करून मगच पुढे असं लिहिलेलं असतं.

जर्सीतला_मिस्त्री
काकांना अनुमोदन. इकडे जुन्या प्रियस भरपूर, तिसऱ्या पिढीत बॅटरी २०१.६ व्होल्टची पण इन्व्हर्टर ते ६५० पर्यंत चढवतो, तेव्हा यूट्यूब बघून झाकण उघडू नका. इन्व्हर्टर गरम व्हायचा अँगलही बघा, त्याचा कूलंट पंप वेगळा असतो. २०१४ ला टोयोटाने जगभरातून १९ लाख प्रियस परत बोलावल्या होत्या, ट्रान्झिस्टर जास्त तापत होते, आणि उपाय म्हणून सॉफ्टवेअर बदललं. अपडेट बाकी आहे का तेवढं विचारून घ्या, फुकटात सुटलात तर बरंच.

कोयनाकाठचा
काका लई धन्यवाद. १२ व्होल्टची बॅटरी ठणठणीत निघाली. सविस्तर कोड मागितल्यावर सल्लागार जरा चिडला पण प्रिंट दिली, सेन्सरचे मेन आणि सब असे दोन्ही सिग्नल जुळतायत, सेन्सरची सर्किट ओके. मग त्यांनी कव्हर उघडलं तर व्ही फेजच्या टर्मिनलचा रंग उडालेला, बोल्ट ढिला. आता म्हणतायत घासून आवळून देतो. चालेल का?

वायरमनकाका
नुसतं घासून नको. टर्मिनलला खड्डा पडला असेल तर केबल बदला, बोल्ट नवा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच. आवळायच्या आधी तिन्ही फेजचं रेझिस्टन्स मिलीओम मीटरवर एकमेकांशी जुळवून घ्या, साध्या मल्टीमीटरला तो फरक कळतच नाही, आणि बॉडीला इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन तपासायचा मीटर). दोन्ही बरोबर आले तर इन्व्हर्टरला हात लावू देऊ नका. नंतर टूल लावून त्यांच्याच माणसाला घेऊन चढावर एक चक्कर मारा, फेज व्ही आणि डब्ल्यू सारखेच हलतायत का बघा, अन बिलावर टॉर्क किती दिला ते लिहून घ्या.