पी०४५५ होताच, आता पी०४५१ पण आला. टाकी उतरवायची का?

मागचं_चाक
नमस्कार मंडळी. पेट्रोलवरचा पिकअप ट्रक आहे, बऱ्यापैकी जुना. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून स्कॅनर लावला तर पी०४५५, म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या यंत्रणेत मोठी गळती. सगळे म्हणाले आधी टाकीचं झाकण बदल. बदललं, कोड पुसला, आठवड्याभरात दिवा परत हजर. मग पर्ज व्हॉल्व्ह (साठलेली वाफ इंजिनात सोडणारी झडप) नवा टाकला. आता जोडीला पी०४५१ आलाय, टाकीच्या प्रेशर सेन्सरचा. गाडी पळते झकास, वास नाही. त्रास एकच, पेट्रोल भरताना नोझल दर दोन-तीन लिटरला टक् करून बंद पडतं. मिस्त्री म्हणतो सेन्सर टाकीच्या डोक्यावर आहे, टाकी खाली घेऊन बदलू. टाकी पाऊण भरलेली आहे. खरंच उतरवायची का?

रिकामा_रिम
सेन्सर, व्हेंट (बाहेरच्या हवेच्या वाटेवरची झडप), कॅनिस्टर (वाफ शोषणारा कोळशाचा डबा) तिन्ही एकदम बदलून टाका, कटकट मिटेल. मी तेच केलं होतं.

जुना_पाना
तिन्ही बदलून दिवा परत आला की चौथं काय बदलायचं, तेही सांगून ठेवा.

चाकवाले दादा, पी०४५१ म्हणजे 'सेन्सर मेला' असं नाही. सेन्सर जे सांगतोय ते कॉम्प्युटरला पटत नाहीये, एवढंच. न पटायला वायर असेल, पिन असेल, टाकीत खरोखर कोंडलेला दाबही असेल. फुकटातली चाचणी आधी करा. झाकण काढून पाच मिनिटं थांबा, चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. झाकण उघडं असलं की आतला-बाहेरचा दाब सारखा, म्हणून स्कॅनरवर टाकीचा दाब शून्याच्या आसपास दिसायला हवा. बरेच स्कॅनर हा आकडा पाण्याच्या इंचात (तेवढ्या दाबाने पाणी किती इंच चढेल) दाखवतात. १ पीएसआय म्हणजे जवळपास २८ इंच, यावरून माप किती नाजूक आहे ते बघा. शून्य आलं तर सेन्सरला हात लावू नका. नाही आलं तर आकडा इथे टाका.

नोझलचं दुखणं वेगळं आहे, माझ्या मते. पेट्रोल आत शिरतं तेवढी हवा कॅनिस्टरमधून व्हेंटवाटे बाहेर पडावी लागते. व्हेंट व्हॉल्व्ह एरवी उघडा असतो, पर्ज एरवी बंद. गळतीची चाचणी घेताना कॉम्प्युटर व्हेंट बंद करतो, पर्ज उघडून इंजिनचा व्हॅक्यूम टाकीपर्यंत ओढतो आणि तो टिकतो का ते बघतो. पिकअपमध्ये हा व्हेंट पुष्कळदा चेसिसला, मागच्या चाकाच्या चिखलाच्या माऱ्यात बसवलेला असतो. मातीने भरला की त्यातून हवाही जात नाही आणि बंद करायच्या वेळी तो नीट बसतही नाही. म्हणजे नोझलही अडतं आणि पी०४५५ पण येतो. काढून बघा.

एक खरं सांगा, नोझल टक् झाल्यावर वर अजून थोडं दाबून भरता का?

मागचं_चाक
भरतो. 😬 दोन-तीन वेळा दाबतोच.

झाकण काढून बघितलं. चावी ऑन, इंजिन बंद, उणे ३ इंच. दहा मिनिटांनीही उणे ३. उघड्या टाकीत व्हॅक्यूम कसला?

जुना_पाना
कसलाच नाही. आकडा खोटा आहे. पण खोटं कोण बोलतंय ते ठरायचंय.

सेन्सरला तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल. काही कंपन्यांच्या गाड्यांत व्हॅक्यूम वाढला की सिग्नलचे व्होल्ट वाढतात, काहींत बरोबर उलटं, म्हणून तुमच्या मॉडेलचा तक्ता काढा. टाकीवर हात पोचत नसला तर चेसिसच्या पट्टीवर वायरिंगचा जोड सापडतो का बघा. तो लावलेला ठेवूनच मागून बारीक पिन घालून मोजा. सुटा करून मोजलात तर करंटच वाहत नाही, सडका ग्राउंडही चांगला दिसतो. यात मी स्वतः एकदा आख्खा दिवस घालवलाय. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल ग्राउंडच्या पिनेला. शून्याला चिकटलेलं दिसायला हवं.

आणि दाबून भरणं आजपासून बंद. वाफेसाठी केलेल्या कोळशात द्रव पेट्रोल गेलं की कॅनिस्टर बाद होतो. दाणे सुटून पर्जपर्यंत जातात ते वेगळंच.

धूर_ताई
गळती शोधायला यंत्रणेत धूर सोडणारी मशीन लावणार असाल तर दोन गोष्टी. आधी स्कॅनरने व्हेंट बंद करा, नाहीतर धूर तिथूनच निघेल आणि तुम्ही चांगला व्हेंट बदलाल. दुसरं, कॉम्प्रेसरची हवा थेट सोडायची नाही. मी नायट्रोजन वापरते, तोही अर्ध्या पीएसआयच्या आसपास. जास्त दाबाने सेन्सर खरोखर जातो, आणि पेट्रोलच्या वाफेत ताजी हवा मिसळणं म्हणजे जाळाला आमंत्रण. झाकण नवं असलं तरी भरायच्या नळीच्या तोंडावर, रबर बसतं त्या कडेवर नख फिरवा. गंजाचे पोपडे लागले तर नवं झाकणही गळणार.

मागचं_चाक
आज सुट्टी होती, गाडीखाली पडून होतो.

नळीची कड गुळगुळीत आहे. ५ व्होल्टची वायर ४.९८. ग्राउंडला जोडाच्या टाकीकडच्या बाजूला ०.६ व्होल्ट, इंजिनाकडच्या बाजूला ०.०२. मध्ये फक्त तो जोड! उघडला तर एक पिन हिरवीगार, रबरी सील अर्धं बाहेर आलेलं. माझ्या गाडीत व्हॅक्यूमला व्होल्ट वाढतात, म्हणजे ग्राउंड वर उचलला गेला की आकडा उणे दिसणारच. पिन बदलली, सील नवं घातलं. झाकण काढून आकडा: ०.१.

व्हेंट काढला तर वाळलेल्या मातीची गोळीच पडली हातात. फुंकर मारली तर हवा जाईना, करंट देऊन बंद केला तरी झिरपत होता. दोन्ही एकदम. नवा बसवला.

जुना पर्ज व्हॉल्व्ह फेकला नव्हता. फुंकून बघितला, घट्ट बंद, करंट दिला की उघडतो. उगाच बदलला.

रिकामा_रिम
म्हणजे सेन्सर चांगलाच होता? माझा जुना पण कदाचित...

जुना_पाना
कदाचित.

दादा, आता कोड पुसा, पण दोन दिवस दिवा नाही लागला म्हणून खूश होऊ नका. टाकी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये नसेल तर गळतीची चाचणी बहुतेक गाड्या घेतच नाहीत. शिवाय इंजिन रात्रभर थंड झालेलं लागतं. अर्ध्या टाकीवर ठेवा, सकाळी काढा आणि स्कॅनरवर वाफेच्या यंत्रणेचा मॉनिटर, म्हणजे हीच चाचणी, 'पूर्ण' झाला का ते बघा.

मागचं_चाक
तिसऱ्या सकाळी 'पूर्ण' आला. कोड काही नाही. काल पेट्रोल भरलं, नोझल एकदाच टक् झालं. हात शिवशिवत होता, पण परत दाबलं नाही.