गुदद्वाराचं प्रत्यारोपण: कायमच्या पिशवीला पर्याय होईल का?

सूक्ष्मशिवण (धागाकर्ता)
गुदद्वार गेलं की मल कायम पोटावरच्या पिशवीत घ्यावा लागतो. त्याला पर्याय म्हणून ब्राझीलच्या शल्यचिकित्सकांच्या गटाने उंदरांवर, जपानच्या गटाने कुत्र्यांवर गुदद्वार आणि मलाशयाचा खालचा भाग काढून पुन्हा जोडण्याचे प्रयोग केले. जपानी गटाने २०१३ मध्ये मृतदेहांवरची तालीमही प्रसिद्ध केली. माझं ठाम मत आहे की ही वाट सोडू नये.

माणसासाठी कलमात (दात्याकडून घेऊन बसवायच्या भागात) काय काय लागेल? गुदद्वाराची कातडी, आतला-बाहेरचा स्फिंक्टर (गुदद्वार आवळून धरणारा गोल स्नायू), मलाशयाचा तुकडा, दोन्ही बाजूंच्या प्युडेंडल (गुदद्वाराच्या भागाला जाणाऱ्या) रक्तवाहिन्या नि नर्व्ह (चेता), आणि वरून मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची इन्फिरियर मेसेंटेरिक धमनी-शीर. खालच्या भागाचं रक्त प्युडेंडलच्या फांद्यांतून येतं, वरच्याचं मेसेंटेरिकमधून. फक्त प्युडेंडल जोडली तर वरची कड काळी पडून आतड्याचा जोड फुटण्याचा धोका. प्युडेंडल वाहिन्या बारीक, ९-० किंवा १०-० नायलॉनचा अतिसूक्ष्म धागा, सूक्ष्मदर्शकाखाली. हाताचं प्रत्यारोपण करणाऱ्यांना हे नवं नाही.

उलट इथे एक सोय आहे. नर्व्ह रोज साधारण १ मिमी वाढते. जोडापासून स्फिंक्टरपर्यंत अंतर ५-७ सेंमी धरलं तर साधारण दोन महिने, वर सुरुवातीचा थोडा उशीर. नर्व्ह न मिळालेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा सुकतो, त्याच्या बराच आधी.

स्टोमानर्स
पण तुलना कशाशी करताय? नीट बसवलेला सिग्मॉइड स्टोमा (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग पोटावर उघडून केलेलं तोंड, ज्यावर पिशवी लागते) म्हणजे शिक्षा नव्हे. बेसप्लेटचं (पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं) भोक स्टोमापेक्षा २-३ मिमीच मोठं, खाचेत पेस्ट, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी. यात चूक झाली की कातडी सोलवटते आणि मग लोक स्टोमाला दोष देतात. भोक मोठं कापणं हीच नेहमीची चूक. सुरुवातीच्या आठवड्यांत सूज उतरून स्टोमा लहान होतो, तरी जुनंच माप वापरत राहतात! शिवाय कोमट पाण्याने, ५०० मिलीपासून सुरू करून इरिगेशन (ठरल्या वेळी स्टोमातून पाणी सोडून आतडं रिकामं करणं) बसलं की अनेकांना दिवसभर पिशवीऐवजी स्टोमावर छोटी टोपी पुरते.

प्रत्यारोपण_वाचक
स्टोमानर्स यांच्याशी सहमत, आणि माझा आक्षेप त्याहून मूळचा आहे. कुत्र्यातला सुरुवातीचा प्रयोग स्वतःच्याच अवयवाचा होता, म्हणजे शरीराने परका अवयव नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. आतड्याच्या भिंतीत लसिकापेशी (प्रतिकार करणाऱ्या पेशी) ठासून भरलेल्या असतात, म्हणून आतड्याचं कलम मूत्रपिंडापेक्षा जास्त नाकारलं जातं. टॅक्रोलिमसची (नकार रोखणाऱ्या औषधाची) पातळी वर ठेवावी लागते, त्यात मूत्रपिंडं झिजतात. कायमचा स्टोमा लागणाऱ्यांत मोठा वाटा खालच्या मलाशयाच्या कर्करोगाचा. त्यांची प्रतिकारशक्ती दाबायची? शिवाय रेडिएशनने ओटीपोट घट्ट झालेलं, वाहिन्या टाका धरत नाहीत.

सूक्ष्मशिवण
कर्करोगाचा मुद्दा मान्य. म्हणून पहिले रुग्ण ते नव्हेत. अपघातात स्फिंक्टर गेलेले, जन्मतः गुदद्वार नसून दुरुस्ती फसलेले, असे निवडावेत. मांडीतला ग्रॅसिलिस स्नायू गुदद्वाराभोवती गुंडाळून विद्युत-उत्तेजन देणं, कृत्रिम स्फिंक्टर, दोन्ही करून झाले. कृत्रिम स्फिंक्टरच्या फुगणाऱ्या कफला (पट्ट्याला) जंतुसंसर्ग होतो, तो कातडीतून बाहेर येतो आणि काढावा लागतो. आणि या दोन्हींत आतला स्फिंक्टर नसतो. विश्रांतीतला दाब मुख्यतः तोच देतो. मलाशय फुगलं की तो सैल होतो, ही प्रतिक्षिप्त क्रिया आतड्याच्या भिंतीतल्याच नर्व्हच्या जाळ्यातून चालते, त्यामुळे ती कलमाबरोबर येईल. मला हा भाग सर्वात आशेचा वाटतो.

श्रोणितळ
आशा ठेवा, पण प्युबोरेक्टॅलिस विसरू नका! मलाशयाला मागून कवेत घेऊन कोन करणारा हा स्नायू तुमच्या यादीत नाही, आणि त्याचा नर्व्हपुरवठा मुख्यतः वरून, मणक्याच्या तळाच्या एस ३-एस ४ नर्व्हमधून थेट येतो. घट्ट मलाचा ताबा बऱ्याच अंशी त्याच्यावर. कुत्र्याचं मलाशय जवळजवळ आडवं, पोटातल्या अवयवांचा भार श्रोणितळावर (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर) पडत नाही. उंदराची लेंडी तर कोरडी. तिथे ‘ताबा राहिला’ म्हणजे उभ्या माणसात, पातळ मल असताना राहील, असं ठरत नाही.

प्युडेंडल मिश्र नर्व्ह आहे: तिच्यात हालचालीचे आणि संवेदनेचे दोन्ही तंतू. जोडताना संवेदी तंतू मोटर (हालचालीच्या) नळीत शिरले तर मॅनोमेट्रीत (दाब मोजण्याच्या चाचणीत) आवळण्याचा दाब येईलही, पण वायू की मल हे गुदद्वाराची कातडी सांगणार नाही. जन्मतः दोष असलेल्या मुलांत सेक्रमच (मणक्याचं तळाचं हाड) अपुरा असला तर जोडायला धड नर्व्हच मिळत नाही.

सूक्ष्मशिवण
मग निवडीची अट अशी: प्युबोरेक्टॅलिस एमआरआयवर शाबूत, ईएमजीत (स्नायूचे विद्युत-संकेत मोजण्याच्या चाचणीत) त्याचा प्रतिसाद, सेक्रम पूर्ण. पुढचा प्राणीप्रयोग डुकरात, दुसऱ्या प्राण्याच्या कलमाचा हवा. त्यात नकार तपासायला नियमित बायॉप्सी (तुकडा काढून तपासणं), आणि मुद्दाम पातळ आहार देऊन ताब्याची चाचणी.

स्टोमानर्स
आणि बायॉप्सी सुरू असेपर्यंत मल कलमाच्या आधीच पोटावर वळवणारा तात्पुरता लूप स्टोमा राहणारच, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगा.