मदत हवी आहे: कॅमेऱ्याचं सामान हातबॅगेच्या ७ किलोत बसंना, शनिवारी निघायचंय

गोदाकाठचा_गडी: नमस्कार मंडळी. बॅग काही केल्या बसंना. निकॉनची बॉडी, १८-१४० मिमीची छोटी लेन्स, सिग्माची १५०-६०० मिमीची मोठी लेन्स, चार्जर, जास्तीच्या बॅटऱ्या, पॉवरबँक एवढंच टाकलं तरी काटा सहाच्या वर जायलाय, ट्रायपॉड अजून बाहेरच उभा आहे अन स्वेटर, औषधं कशातच नाहीत. कोणती बॅग घ्यावी, काय कुठं ठेवावं, लवकर सांगा. मोबाईलनं काढा हा सल्ला नको, तो घरात फुकट मिळायलाय.

लेन्सवाला_जालना: कुठं चाललात ते तर सांगा. अन कशानं?

गोदाकाठचा_गडी: लेह. ७ किलो म्हणल्यावर विमानच असणार ना भाऊ. बॅग सांगा.

फिरस्ती_बीड: लेह म्हणजे झकास! प्रीपेड सिम चालत नाही बरं का तिकडं, पोस्टपेड पाहिजे. आणि लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, उतरल्या उतरल्या फिरायला पळू नका, पहिले दोन दिवस हॉटेलात पडून राहा, पाणी प्या, उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं डॉक्टरला विचारा. लेकरं असतील तर जास्तच जपा.

गोदाकाठचा_गडी: सिमचं झालं, डॉक्टरचं झालं. बॅग.

लेन्सवाला_जालना: बॅगेचा प्रश्नच नाही, ती सिग्मा घरी ठेवा. एकटी दोन किलोच्या जवळ जाती. लडाखमदी डोंगर, तळी, गोम्पा म्हणजे बौद्ध मठ, सगळं रुंद लेन्सचं काम आहे. तितक्या उंचीवर नुसतं चालताना धाप लागती, दोन किलोचं लोढणं गळ्यात कामून अडकवायचं?

पैठणचा_पानकावळा: असं कसं म्हणता राव. मे-जूनमदी त्सो कार तळ्याला अन हानले गावाकडं काळ्या मानेचे क्रौंच असतात, लडाखचा राज्यपक्षी आहे तो. १४० मिमीवर त्याचा ठिपका येईल ठिपका. आम्ही जायकवाडीला फ्लेमिंगोसाठी ६०० घेऊन चिखलात पडून राहतो, अन हे एवढ्या लांब जाऊन लेन्स घरी ठेवा म्हणायलेत.

लेन्सवाला_जालना: जायकवाडीला गाडी धरणापर्यंत जाती साहेब. आणि त्यांनी पक्षी काढायचेत असं म्हणलंय का कुठं?

गोदाकाठचा_गडी: पक्षी मिळाला तर मिळाला. ट्रायपॉड मात्र लागणारच, हानलेला ताऱ्यांचे फोटो काढायचेत.

रिकामटेकडा: निकॉनची बॉडी म्हणजे आरशावाली असणार. विकून टाका, बिनआरशाची मिररलेस घ्या, निम्मं वजन कमी. माझ्या साडूनं घेतली, लग्नाच्या ऑर्डरी करतो, कमी उजेडात काय फोटो येतात!

लेन्सवाला_जालना: शनिवारी निघायचंय त्यांना, आज काय कॅमेरा विकायला बाजारात बसावं का? आणि मिररलेसची बॉडी हलकी असती, ६०० पर्यंतची लेन्स तिथंबी जडच येती.

रोलवाले_काका: एक मुद्दा कुणीच मांडला नाही. विमानतळावर एक्सरे मशीनमधून कॅमेरा घालू नका, फोटो खराब होतात. हातानं तपासा म्हणून सांगायचं.

फिरस्ती_बीड: काका, ते रोलच्या कॅमेऱ्याला. त्यातबी ८०० आयएसओ अन वरच्या रोलला धोका जास्त. मेमरी कार्डाला काही होत नाही.

रोलवाले_काका: आम्ही रोलवरच काढतो अजून. म्हणून सांगितलं.

माजलगावची_सून: दादा, तिकिटं किती आहेत तुमची?

गोदाकाठचा_गडी: चार. मी, बायको, दोन लेकरं, एक पाचवीत एक दुसरीत. त्याचा काय संबंध?

माजलगावची_सून: अहो मग अडलंय कुठं! दोन वर्षांच्या वरच्या लेकराला पूर्ण सीट असती अन त्याची हातबॅग वेगळी धरतात. ७ चोक २८ किलो झालं की. बॉडी अन छोटी लेन्स तुमच्याकडं, मोठी लेन्स बायकोच्या बॅगेत स्वेटरमदी गुंडाळून, चार्जर अन वायरी लेकरांच्या दप्तरात. लेकराच्या पाठीवर काच देऊ नका फक्त, दप्तर कुठंबी आपटतात. नवीन बॅग घ्यायचीच गरज नाही, साधी शाळेची सॅक अन आत फोमचा डबा. गुलमंडीला शिवून देणारे आहेत, पण घरच्या योगा मॅटचे तुकडे कापूनबी होतं.

लेन्सवाला_जालना: हे मी पण सांगणार होतो.

माजलगावची_सून: हो का.

पैठणचा_पानकावळा: बघा, बसली की नाही ६०० 😄

फिरस्ती_बीड: बॅटऱ्यांचं नीट ऐका, तिथंच लोकांचं अडतं. सुट्ट्या बॅटऱ्या अन पॉवरबँक चेक-इनच्या बॅगेत टाकायच्याच नाहीत, हातबॅगेतच. १०० वॉट-तासापर्यंत न विचारता चालतं, त्याच्या वर १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी काढावी लागती. हिशोब सोपा, एमएएचला व्होल्टनं गुणायचं अन हजारानं भागायचं, म्हणजे २०,००० ची पॉवरबँक ३.७ व्होल्टनं ७४ झाली. आकडा पॉवरबँकवर छापलेला पाहिजे, खोडलेला असला तर हुज्जत होती. बॅटरीच्या टोकाला चिकटपट्टी लावा नाहीतर डबीत ठेवा, किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात नको. ट्रायपॉड चेक-इनला द्या, हातात घेतला तर सिक्युरिटीवाला काठी म्हणून अडवू शकतो. कॅमेरा बसवायचं वरचं हेड काढून वेगळं, पाय पँटीत गुंडाळून बॅगेच्या मधोमध.

गोदाकाठचा_गडी: हे कामाचं बोललात. पण ट्रायपॉडला रेल्वेत कुठं ठेवू? बर्थखाली लांबीनं बसंल का?

लेन्सवाला_जालना: रेल्वे कुठून आली मधीच??

गोदाकाठचा_गडी: परभणीहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून विमान. परभणीहून लेहला डायरेक्ट विमान आहे का?

माजलगावची_सून: दादा हे पहिल्या ओळीत लिहिलं असतं तर एवढे प्रतिसाद वाचले असते.

रिकामटेकडा: सचखंड म्हणजे लंगर, फुकटचं जेवण! भांडं आपलं न्या घरून, स्टेशनवर गाडी थांबली की गरम गरम वाढतात. कढी-भात, छोले, कधी खिचडी. मी अमृतसरला गेलतो तेव्हा डब्याला हातच लावला नाही, बायकोनं केलेल्या दशम्या परत आल्या. त्यावरून घरी जे झालं ते वेगळंच.

फिरस्ती_बीड: 😂 ट्रायपॉड चेक-इनवाल्या मोठ्या बॅगेतच राहू द्या, ती बर्थखाली, साखळी-कुलूप लावून. खाली लोखंडी कड्या असतात त्यासाठी. कॅमेऱ्याची सॅक खाली अजिबात नको, वरच्या बर्थवर उशाला घ्यायची अन पट्टा हाताला गुंडाळायचा. कॅमेऱ्याचं नाव छापलेली झकपक बॅग म्हणूनच नको, चोराला लांबून कळतं.

पैठणचा_पानकावळा: हानलेला मेमदीबी रात्री गारठा मरणाचा. बॅटरी बघता बघता उतरती, जास्तीच्या दोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. खोलीत आल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका, बाहेर असतानाच चेनच्या प्लास्टिक पिशवीत बंद करून आणा अन तसाच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं. आणि तिथं पांढरी टॉर्च मारू नका, डार्क स्काय रिझर्व्ह म्हणजे रात्रीचा अंधार राखलेला भाग आहे, लाल उजेडाची न्या.

रोलवाले_काका: ड्रोन नेता येतो का हो तिकडं?

फिरस्ती_बीड: काका, सीमाभाग आहे तो. परवानगीशिवाय उडवायचं नाव काढू नका.

गोदाकाठचा_गडी: चार दप्तरांत वाटून पाहिलं. माझी बॅग पाच किलोच्या आत आली. धाकटा म्हणतो चार्जर मी नेणार नाही, माझ्या दप्तरात डायनासोर आहेत. बायकोनं सिग्मा हातात घेऊन बघितली अन काही न बोलता टेबलावर ठेवली, म्हणजे ती काय तिच्या बॅगेत जायना. पण माझ्यात आता जागा झाली. फोम कापायला बसतो.

पैठणचा_पानकावळा: क्रौंच मिळाला तर फोटो इथंच टाका. आणि लेन्सची कॉलर, म्हणजे ट्रायपॉडला लावायची कडी, काढून ठेवू नका, ट्रायपॉडला बॉडीवरनं लावली तर माउंटवर, म्हणजे लेन्सच्या जोडावर, जोर येतो.

लेन्सवाला_जालना: काच जपायला यूव्ही फिल्टर लावला का सिग्माला?

पैठणचा_पानकावळा: ९५ मिमीचा फिल्टर किती महाग पडतो माहीत आहे का? लेन्सच्या तोंडावरचं हूड लावा, बास.

लेन्सवाला_जालना: हूडनं धूळ थांबती का?