टेरियरचं पिल्लू: डुकरावर, उंदरावर की अंगणात?

मानसराख

मावसभावाने जॅक रसेल टेरियर घेतलाय. दहा महिन्यांचा आहे, अंगात मस्ती मावत नाही, तुळशीवृंदावनाचा पाया तेवढा उकरायचा राहिलाय. घर गोव्यात डिचोली तालुक्यात, मागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. सासुरवाडी चोडणला, तिथे खाजनातलं, म्हणजे खाऱ्या नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं भात. गणेशचवथीला सगळे जमले आणि कुत्र्यावरून घरात दोन तट पडले. थोरले मामा म्हणाले, रानडुकरावर तयार करा. वहिनी म्हणाली, एवढे पैसे मोजून आणलाय, घरातच राहू दे.

मला दोन्ही पटत नाही, म्हणून इथे मांडतोय.

जात शिकारीचीच आहे, त्यात वाद नाही. जॉन रसेल १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना त्याने एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली. पुढे तो डेव्हनमध्ये पाद्री झाला आणि तिच्या वंशातून कोल्ह्याच्या शिकारीसाठी ही कुत्री घडवली. कोल्हा बिळात दडला की टेरियरने आत शिरायचं, भुंकत राहायचं आणि त्याला बाहेर पडायला लावायचं. झोंबायचं नाही. म्हणून तर छाती इतकी आटोपशीर की पुढच्या पायांमागे माणसाच्या दोन पंजांत मावावी. उंची २५ ते ३० सेंटिमीटर, वजन ५-६ किलो. एवढ्याशा जिवाला डुकराच्या सुळ्यांपुढे सोडणं म्हणजे कुत्रा फुकट घालवणं.

उंदीर मात्र त्याच्या आवाक्यातला. त्याच्या मुलखातही आता बऱ्याच अंशी तेच उरलंय. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार बंद केली. बिळातल्या कोल्ह्यावर टेरियर सोडायला फार आखूड सवलत ठेवली. उंदराला मात्र त्या बंदीतून वगळलंय.

माझा बेत असा. वर्ष भरेपर्यंत शिकार नाही. हाक मारली की परत येणं, आणि कोंबडी, शेळी, मांजर समोरून गेलं तरी न धावणं, एवढंच शिकवायचं. मग मेलेला उंदीर हुंगायला द्यायचा. भातकापणी झाली की खाजनाच्या बांधावर, एखाद्या जाणत्या कुत्र्याबरोबर न्यायचं. विरोध असेल तर बोला.

कुळागरी

बाब मानसराख, वर्षभर असा लाडात ठेवलास तर कुत्रा नाही, जावई तयार होईल.

आमच्या आजोबांच्या वेळी शिकारीचा हाका निघाला की पोरांबरोबर पिल्लंही जायची. रक्ताची चव लहानपणीच लागते, नाहीतर लागत नाही. तुला डुकराचं काय ते माहीत नाही, कारण तू पाण्याकाठी राहतोस. इथे एका रात्रीत कणगी (कंद) गेली, सुरण गेलं, नुकती लावलेली केळी उपटून टाकली. चार गावठी कुत्रे आणि पुढे एक टेरियर. तो भुंकून डुकराला थोपवेल, बाकीचं गावठी बघतील. तूच म्हणतोस ना, त्याचं काम भुंकायचं?

वनवाट

कुळागरीबाब, "बाकीचं गावठी बघतील" हे चारचौघांत लिहू नका.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या नुसत्या मारण्यापुरती नाही. पाठलाग करणं, हाका घालून हुसकणं, सापळा लावणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं तिच्यात बसतं. म्हणजे डुक्कर निसटलं तरी गुन्हा झालेलाच असतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारायची वाट कलम ११ मध्ये आहे, पण ती परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकाने लेखी द्यायची असते. मामांनी चवथीच्या जेवणावर द्यायची नसते.

कुळागरी

कायदा पणजीत. डुक्कर कुळागरात.

मानसराख

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. तरी रक्ताच्या चवीचं गणित चुकतंच. कच्च्या वयात कुत्र्याला मोठा मार बसला की दोहोंतलं एक होतं. एक तर तो बुजतो आणि पुढे बिळाजवळही जात नाही. नाहीतर चवताळतो, भुंकायचं सोडून तोंड घालायला लागतो. दुसरा प्रकार बघणाऱ्याला शूर वाटतो, पण टाके त्यालाच पडतात. टेरियर बाळगणारे जुने लोक कुत्रा वर्षाचा होईपर्यंत त्याला जमिनीखाली घालत नाहीत ते उगाच नाही. उंदरापासून सुरुवात करायची ती एवढ्यासाठीच: उंदीर चावतो, पण कुत्र्याची हिंमत मोडेल इतका नाही.

आणि गावठी कुत्र्यांच्या घोळक्यात नवखा टेरियर सोडला तर तो त्यांच्याकडून पहिली गोष्ट शिकेल ती हाक न ऐकण्याची.

खाजनकाठ

डुकराचं तुम्ही निस्तरा. मी बांधावर येतो, कारण मानसराखने जिथे कुत्रा न्यायचं म्हटलंय तिथे माझा जन्म गेला.

खाजन म्हणजे काय हे इथल्या सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. नदीचं खारं पाणी आणि भात यांच्यामध्ये फक्त चिखलाचा बांध असतो. भरतीला मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतं. या सगळ्याचा शत्रू भोक. खेकड्याचं असो की उंदराचं, भरतीचं पाणी त्यातून झिरपायला लागलं की भोक रुंदावतं, आणि एखाद्या उधाणाला बांधाचा तुकडाच जातो. एकदा खारं पाणी आत बसलं की ते मीठ पावसाने धुऊन जाईपर्यंत तिथे भाताचं नाव काढू नये. कोरगुटासारखी खाऱ्यात तग धरणारी जातसुद्धा किती सोसणार?

आणि अशा बांधावर तू कोण आणणार, तर उकरण्यासाठीच पैदा केलेला कुत्रा! तो वृंदावनाचा पाया उकरतो हे तूच वर लिहिलंयस. उंदीर बोटभर भोक पाडतो. तुझा टेरियर त्याच्या मागे लागून अर्ध्या तासात हातभर खड्डा करील, शेपूट हलवत वर बघेल, आणि तू त्याला शाबासकी देशील. उंदीर परवडला.

माझा विरोध मारण्याला नाही. माझा विरोध तुझ्या टेरियरच्या पुढच्या दोन पायांना आहे.

मानसराख

आतापर्यंतचा हाच खरा मुद्दा. उत्तर लांब होणार.

उंदरावरच्या चांगल्या टेरियरने उकरायचं नसतंच. त्याने हुंगत जायचं, भरलेल्या बिळापाशी थबकायचं, मान तिरकी करून उभं राहायचं. रिकामं असलं तर पुढे जायचं. बांधावर दहा भोकं दिसतात, त्यांतली बहुतेक खेकड्यांची; वासाने उंदराचं नेमकं वेगळं काढणारं दुसरं साधन माझ्या माहितीत नाही. बीळ कळलं की काम माणसाचं. धूर सोडायचा. विलायतेत उंदीर काढणारे लोक जुन्या लाकूडकापू मशीनचं इंजिन वापरून बिळात धूर भरतात. तमिळनाडूतले इरुळा लोक भोक पाडलेल्या मडक्यातून तोंडाने फुंकतात. आपल्याला मडकं पुरे. उंदीर बाहेर पडला की सपाट वाफ्यात कुत्र्याने पकडायचा, बांधावर नाही. मग भोक चिकणमातीने ठासून बुजवायचं.

म्हणून सुरुवातीपासून लांब दोरी. पाय मातीला लागला की दोरी आखडायची, थबकला की कौतुक. ही सवय आज लावायची, पहिला उंदीर मारल्यानंतर ती लागत नाही.

खाजनकाठ

लिहायला छान. दोरी सुटेल तेव्हा मला बोलव.

डॉक्टरताई

मी जनावरांची डॉक्टर, फोंड्याला. मला आधी एवढंच विचारायचंय की बांधावर विष घालता का? कारण घालत असाल तर पुढचं सगळं बोलणं फुकट.

शेतात दोन प्रकार चालतात. एक काळपट भुकटी, झिंक फॉस्फाईड. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो आणि तिला उतारा नाही. दुसरी ब्रोमाडिओलोनची वडी. तिने रक्त गोठायचं थांबतं, पण लक्षणं काही दिवसांनी दिसतात. तोवर मालकाला वाटतं कुत्रा नुसता मरगळलाय. वेळेत आणला तर व्हिटॅमिन के-१ ने वाचतो. विष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर सगळ्यात सहज पकडला जातो, हे लक्षात घ्या. शेजाऱ्याच्या वाफ्यातलं विषही तुमचंच समजा.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा ताप) तर आपल्याकडे पावसाळ्यात माणसांनाही होतो. उंदराच्या मुतातून, साचलेल्या पाण्यातून, अंगावरच्या ओरखड्यातून. कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी हवी, आणि त्या लशीतही सगळे प्रकार येत नाहीत. कुत्रा हाताळणाऱ्याने गमबूट आणि हातमोजे घालायचे. नदीवर हात धुतले की झालं, असं नाही.

राहिला साप. उंदराच्या बिळात नाग असतो, कापलेल्या भातात घोणस. टेरियर तोंड आधी घालतो, विचार मागाहून. दंश नाकावर किंवा तोंडावर होतो आणि कुत्रा ५ किलोचा. माणसाला देतात तेच प्रतिविष त्यालाही चालतं, पण चोडणहून फेरीबोटीने पलीकडे येऊन दवाखाना गाठेपर्यंत किती वेळ जातो तो तुम्हीच मोजा.

मी नाही म्हणत नाही. कमरेएवढ्या गवतात मात्र कधीच नाही, आणि ऊन चढल्यावरही नाही.

पाखरू

सगळे उंदीर कसा मारायचा यावरच बोलताय. मारावा का, हे कुणी विचारणारच नाही?

१९६० च्या प्राणिक्रूरता कायद्यात निव्वळ करमणुकीसाठी एका जनावराला दुसऱ्यावर घालणं गुन्हा आहे. धिरयोचं, म्हणजे बैलांच्या झुंजींचं काय झालं आठवा. परंपरा, गावचा मान, सगळं सांगून झालं. १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घातलीच. उद्या या उंदीर मारण्याचे व्हिडिओ निघतील, चार पोरं पैजा लावतील. शेतासाठी चालू झालेलं शेतासाठीच राहतं का?

धामणीला मारायचं थांबवा आणि घुबडासाठी एखादी पेटी टांगा. दोघंही तुमचं काम फुकट करतात.

खाजनकाठ

पाखरूताई, घुबड मीही मानतो, आणि धामण माझ्या बांधावर कुणी मारत नाही. पण कापणीच्या तोंडावर बांध पोखरायला लागला की घुबडाच्या वेळापत्रकाने मला चालता येत नाही. लोक मग काय करतात? विष, नाहीतर चिकटपट्टी. चिकटपट्टीवर उंदीर रात्रभर चिरकतो, तिच्यावर कधी चिमणी बसते, कधी धामणीचं पिल्लू. कुत्रा मानेत धरतो, एक झटका, संपलं. क्रूरपणाच मोजायचा तर सगळ्यांचा मोजा.

(मी मानसराखच्या बाजूने बोलतोय असं समजू नका. उकरण्याचा मुद्दा उभाच आहे.)

पाखरू

म्हणजे जास्त वाईट दाखवून कमी वाईट पटवायचं. पैजांबद्दल काहीच बोलला नाहीत.

मानसराख

व्हिडिओ नाही, पैज नाही, बघे नाहीत. यावर मी पाखरूच्या बाजूने. मावसभावाला सांगून ठेवलंय, मोबाईल बाहेर निघाला की कुत्रा घरी.

वनवाट

उंदीर आधी उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता. २०२२ ला ती अनुसूचीच गेली, पण शेतातला उंदीर संरक्षित यादीत आला नाही. तेव्हा उंदरापुरतं माझं काही म्हणणं नाही.

पण चोडणच्या खाजनात उंदीर एकटा राहत नाही. तिथे पाणमांजरं आहेत आणि ती बांधाच्या कडेला, खारफुटीच्या मुळांत बीळ धरतात. मुंगूस आहे, घोरपड आहे. सगळी संरक्षित. टेरियरला अनुसूची वाचता येत नाही. पिल्लं असलेली पाणमांजर भेटली तर तुझा ५ किलोचा बहाद्दर बिळातून कसा बाहेर येईल तेही बघ. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य त्याच बेटावर आहे. तिकडच्या टोकाला दोरीसकटसुद्धा जाऊ नकोस.

मानसराख

मान्य. नदीकडचा बांध आणि खारफुटी पूर्ण वर्ज्य. फक्त आतले, दोन वाफ्यांमधले बांध. खाजनकाठ, तिथे उकरलं तरी नदी आत येत नाही. आता तरी?

खाजनकाठ

आतल्या बांधावर ये, भात कापून गवत नीट बसल्यावर. माझ्याकडे म्हातारी गावठी कुत्री आहे, दर वर्षी ती बिळं दाखवते आणि एकदाही उकरत नाही. तिला कुणी काही शिकवलं नाही, तिच्या आजीनेही ऑक्सफर्ड पाहिलेलं नाही. तुझा साहेब तिच्यामागून चालू दे. पायाने माती उडाली की त्या दिवसापुरता परत. भोकं बुजवायची माती तू आणायची.

डॉक्टरताई

आणि लसीचं कार्ड. लेप्टो दिलाय का ते त्यावर बघून इथे लिही. "सगळ्या लशी झाल्यात" हे मी रोज ऐकते.

मानसराख

बघितलं. शेवटचा डोस वर्षापूर्वीचा नाही, पण कार्डावर लेप्टो लिहिलेलंच नाही. उद्या घेऊन येतो.

कुळागरी

उंदीर झाले, साप झाले, बांध झाला, पाणमांजर झालं. माझी कणगी कोण राखणार?

वनवाट

सौर कुंपण. कृषी खात्याचं अनुदान मिळतं. अर्ज मी भरून देतो, तुम्ही फक्त जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणा.

कुळागरी

एक-चौदावर अजून आजोबांचं नाव आहे.