‘ओळखीच्या माणसाकडून’ पिल्लू घेताय? आधी आई बघा

मुक्ता_पुणे:
अनिकेतची कालची पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कागदपत्रं, रजिस्ट्रेशन ही पैसेवाल्यांची थेरं. ओळखीचा माणूस लॅब्राडॉरचं (लॅबचं) पिल्लू आठ हजारात घरपोच देतो, मग ब्रीडरला तीस-पस्तीस हजार कशाला मोजायचे?

हा ‘ओळखीचा माणूस’ सगळ्यांच्याच ओळखीचा असतो. व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो, निम्मे पैसे आधी मागतो आणि हायवेवरच्या पेट्रोलपंपावर बोलावतो. पिल्लू खोक्यात. आई कुठेय विचारलं की ‘फार्मवर आहे, अनोळखी माणसावर धावून जाते’. लॅब, पग, शित्झू, हस्की, सगळं एकाच आठवड्यात ‘तयार’. एवढ्या जातींची पिल्लं एका घरात एकदम तयार होत नाहीत. तो एक तर दलाल असतो, नाहीतर मागे शेडमध्ये कुत्र्या कोंडलेल्या असतात.

२०१७ पासून डॉग ब्रीडिंगचे केंद्राचे नियम आहेत. ब्रीडरनं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी दीड वर्षाची होईपर्यंत आणि आठ वर्षांनंतर विणवायची नाही. १२ महिन्यांत एकच वेत, जन्मात जास्तीत जास्त पाच. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. हे सगळं पाळून, आईला नीट खायला घालून, लसी देऊन आठ हजारात पिल्लू कसं परवडतं ते अनिकेतनं सांगावं. वाचवलेले पैसे त्या आईच्या अंगातून काढलेले असतात.

म्हणून माझं एकच म्हणणं: जिथे पिल्लं जन्मली तिथे जा आणि आई बघा. ती माणसाजवळ येते की कोपऱ्यात दबून बसते? पंजे लघवीनं पिवळे पडलेत का? नखं वळेपर्यंत वाढलीत का? पिल्लं खरंच तिच्या अंगाखाली लुचतायत का? आई दाखवत नसेल तर उठून यायचं. बास.

अनिकेत७:
माझं नाव घेऊन धागा काढलास, बरं वाटलं. नियम कागदावर आहेत, पाळतं कोण? प्राणी क्रूरता कायदा १९६० चा, पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. चहा-भजीला जास्त लागतात. आणि ‘केसीआय पेपर’वाल्या, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद देणाऱ्या, महागड्या ब्रीडरकडे शेडच नसते, हे तू कुठे पाहिलंस? आमच्या शेजाऱ्यांनी चाळीस हजार देऊन जर्मन शेफर्ड घेतला, दीड वर्षात मागचे पाय गेले. पेपर सोनेरी अक्षरांत छापलेले होते.

पशुवैद्य_कराड:
अनिकेत, केसीआयचा कागद वंशावळ सांगतो. कमरेचा सांधा कसा आहे ते त्यात नसतं. लॅब आणि शेफर्डमध्ये हिप डिस्प्लेजिया, म्हणजे हा सांधा नीट न बसण्याचा आजार, आनुवंशिक असतो, त्यासाठी आई-बापाचे एक्स-रे मागायला हवेत. मागणारा माणूस मला क्वचितच भेटतो.

घरपोच पिल्लांबद्दल मात्र मी मुक्ताच्या बाजूनं आहे. पार्व्हो या विषाणूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे खोक्यातून उतरताना पिल्लू उड्या मारत असतं आणि त्याच आठवड्यात रक्ताची हगवण घेऊन माझ्या टेबलावर येतं. मुलं रडत असतात, विकणाऱ्याचा फोन बंद असतो.

लसीचं कार्ड नीट बघा. बाटलीवरचं स्टिकर काढून कार्डावर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, शेजारी डॉक्टरची सही-शिक्का असतो. नुसतं पेनानं ‘डीएचपी झाले’, म्हणजे पार्व्होसारख्या रोगांवरची लस झाली, असं लिहिलेलं कार्ड मी लस झाली नाही असंच धरते. आणि ‘सगळे डोस पूर्ण’ असं दीड महिन्याच्या पिल्लाबद्दल कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. डोस १६ आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर.

नीलाक्षी:
चांगला ब्रीडर-वाईट ब्रीडर हा काथ्याकूट कशासाठी? रस्त्यावर इतकी पिल्लं मरतायत आणि तुम्ही पस्तीस हजारांचा हिशोब मांडताय. विकत घेऊच नका. दत्तक घ्या.

सायली_ठाणे:
नीलाक्षीताई, गेलो होतो दत्तक घ्यायला. भाड्याच्या घरात राहतो म्हणून नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी ‘दोघं नोकरी करता, मूल होऊ देणार का’ असं विचारलं. सासूबाईंसमोर! तिथून बाहेर पडलेला माणूस सरळ पेट्रोलपंपावर जातो.

नीलाक्षी:
मूल झाल्यावर परत आणून सोडलेली कुत्री आम्ही सांभाळतो. प्रश्न विचारणारच. सासूबाईंसमोर विचारायला नको होता, एवढंच.

जतचा_गडी:
तुमचं सगळं लॅब न् हस्कीवर चाललंय. आमच्याकडं या. जत, मंगळवेढा, तिकडं लातूरपर्यंत घरोघरी कारवानी आहे, आमचं शिकारी जातीचं पळणारं कुत्रं. कुत्री व्यायली की पिल्लू भावकीत, पाहुण्यात जातं. आता पुण्या-मुंबईचं लोक येऊन पैसं देत्यात, घेतो. आमची नोंदणी नाही, कुत्र्याच्या कातडीखाली ओळख पटवायची मायक्रोचिप नाही. मग आम्ही पण क्रूर का?

घाटमाथा:
कारवानी नव्हे, मुधोळ. घोरपड्यांच्या संस्थानात ही जात जोपासली गेली. २००५ साली पोस्टानं तिकीट काढलं तेही मुधोळच्या नावानं.

जतचा_गडी:
राजानं पाळायच्या आधी मेंढरामागं कोण पळत होतं? केनेल क्लब पण ‘कॅरव्हान हाउंड’च म्हणतो. तिकिटावर नाव छापलं म्हणून कुत्रं मुधोळचं होत नाही.

घाटमाथा:
मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी संशोधन केंद्र आहे. सैन्यानं चाचणीला पिल्लं तिथून नेली. जतहून नेली का?

जतचा_गडी:
केंद्र कर्नाटक सरकारनं काढलं, आमच्या सरकारनं काय केलं ते विचारा. त्यात कुत्र्याचा काय दोष? तुम्ही आयुष्यात एक तरी ससा मारलेला कारवानी बघितलाय का?

पशुवैद्य_कराड:
सशाची शिकार गुन्हा आहे. इथे अभिमानानं लिहू नका.

जतचा_गडी:
आजोबांच्या काळचं बोललो, मॅडम.

मुक्ता_पुणे:
दोघांनी कारवानी-मुधोळचा वेगळा धागा काढा, हात जोडते! पण गड्याचा प्रश्न रास्त आहे. ज्याच्या अंगणात आई समोर बसलेली आहे, वर्षाला एकदा व्यायली आहे, तो माझ्या लेखी शेडवाला नाही. पैसे घेऊन विकायला लागलात की मात्र नोंदणी करा. मनापासून सांगते, २०२० ला ‘मन की बात’मध्ये देशी जातींची नावं आली, त्यानंतर याच कुत्र्यांच्या शेड होणार ही भीती मला आहे.

जतचा_गडी:
झाल्यात. नाव घेत नाही. एकाकडं कुत्री वर्षात दोनदा विणवत्यात, उभं राहिली की बरगड्या मोजाव्या. आमचा म्हातारा त्याच्या दारात जात नाही. पण घेणारी तुमचीच पुण्याची माणसं, आणि नेऊन तिसऱ्या मजल्यावर बांधत्यात. पळणारं कुत्रं ते. आधी ते बंद करा, मग नोंदणी करतो.

अनिकेत७:
आई बघायचा मुद्दा मान्य. तेवढाच. पस्तीस हजारांचा अजूनही मान्य नाही, आणि ‘आईच्या अंगातून पैसे’ हे वाक्य मला लागलंय. मी माझ्या माणसाला आत्ताच विचारलं, आई बघायला कधी येऊ? म्हणाला, पिल्लू आणायला येतानाच बघा, पण उरलेले पैसे आज टाका.

पशुवैद्य_कराड:
टाकू नका. वय किती सांगतोय?

अनिकेत७:
पस्तीस दिवस.

मुक्ता_पुणे:
म्हणजे पाच आठवडे. अजून दूध पितंय ते. अनिकेत, त्याला सांग की आठ आठवडे पूर्ण झाल्यावर येतो आणि फार्मचा पत्ता आज पाठव. काय उत्तर येतं ते इथे लिही.