बाळ ज. पंडित आणि रेडिओवरची मॅच : तुमच्या आठवणी लिहा

बाळ ज. पंडित २०१५ साली गेले, पण मराठी कॉमेंट्री म्हटलं की मला अजून त्यांचाच आवाज आठवतो. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, त्यामुळे कोण कुठे उभाय ते नीट सांगायचे आणि मी फरशीवर खडूने ग्राउंड काढून चिंचोके मांडून बसायचो, मिडऑनचा माणूस मागे गेला की माझाही चिंचोका मागे. फील्ड कशासाठी बदलतात हे मला तिथंच कळलं, प्रत्यक्ष मैदानावर जायच्या कितीतरी आधी. तुम्हीही लिहा, दुसऱ्या कुणाची आठवण असली तरी चालेल.

---

आमच्या आईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळायचं नाही, पण पंडितांचं मराठी ऐकायला आवडायचं म्हणून भाकऱ्या थापताना रेडिओ लावायला सांगायची. ऐकून ऐकून तिला फॉलोऑन, गुगली सगळं समजायला लागलं, नंतर तर विश्वनाथ आऊट झाला की आमच्याआधी तीच हळहळायची!

---

काका वानखेडेवर जातानाही ट्रान्झिस्टर घेऊन जायचे. समोर मॅच चालू असताना रेडिओ कशाला असं वाटेल, पण लांबून पायचीत का दिलं ते काय कळणार, तेव्हा मैदानात रिप्ले कुठला. वि. वि. करमरकर बोलायला लागले की पुढच्या रांगेतले लोक वळून विचारायचे, "काय म्हणतायत ओ?"

---

१९७९ ची ओव्हल टेस्ट, गावसकर २२१. आजोबा बीबीसी लावून बसलेले, शॉर्ट वेव्हवर आवाज मधेच जायचा, परत यायचा. त्यांना इंग्रजी येत नव्हतं पण कॉमेंटेटरचा आवाज चढला की सरसावून बसायचे. ४३८ हवे होते, ८ बाद ४२९ वर मॅच ड्रॉ झाली, ९ रन्स कमी पडले! आजोबा त्या रात्री जेवले नाहीत.

---

मी हॉकीवाला, त्यामुळे माझ्यासाठी जसदेव सिंगच. १९७५ वर्ल्ड कप फायनल, क्वालालंपूर, पाकिस्तानला २-१ हरवलं तेव्हा त्यांची हिंदी कॉमेंट्री बॉलच्या मागे अशी धावत होती की ऐकताना आपल्यालाच धाप लागावी. शेवटची काही मिनिटं आमच्या वाड्यात कुणी बोललं नाही, शिट्टी वाजल्यावर मात्र सगळे अंगणात.

---

कुणी पंडितांची कॉमेंट्री घरी कॅसेटवर टेप करून ठेवली असेल तर प्लीज सांगा, मुलांना ऐकवायचीये.