तुर्की आडनाव इंग्रजी पत्रात कसं लिहायचं?

डाळमिलवाली ताई, जळगाव

एमआयडीसीतल्या एका डाळ मिलच्या ऑफिसात मी सात वर्षं पत्रव्यवहार सांभाळते. यंदा मालक तुर्कस्तानातून डाळ निवडायची मशीन मागवताहेत. तिकडच्या मेलखाली नाव असतं डेनिझ चेलिक (आडनाव बदलून लिहिलंय, मासला म्हणून). मी आपल्या सवयीने ‘डिअर मिस्टर डेनिझ’ लिहीत गेले. आपल्याकडे शेठलासुद्धा रमेशभाऊ, प्रकाशदादाच म्हणतात, नुसत्या आडनावाने हाक मारली तर माणूस रागावलाय असंच वाटतं.

काल त्यांच्या ऑफिसातला एक तुर्की मेल खाली जोडून आला. त्यात एकदा ‘डेनिझ हानिम’ आहे, आणि पुढे चेलिकनंतर अपॉस्ट्रॉफी देऊन ‘इन’ लावलंय. मग आडनाव कोणतं? हानिम, चेलिक की चेलिकिन? मालक म्हणतात, जाऊ दे, पाठव. पण समोरच्याचं नावच चुकवून लाखांचा व्यवहार करायला माझं मन घेत नाही.

अमळनेरचे सर

ताई, आडनाव चेलिक. पण आधी ‘मिस्टर’ काढा, त्या बाई आहेत! हानिम म्हणजे आपलं ताई किंवा बाई, उर्दूतल्या खानमचंच भावंड. पुरुषाला ‘बे’ लावतात, तो आपल्याकडच्या ‘बेग’चा नातेवाईक. दोन्ही पहिल्या नावामागे लागतात, अगदी तुमच्या रमेशभाऊसारखे. डेनिझ म्हणजे समुद्र, आणि हे नाव मुलामुलींना दोघांनाही ठेवतात. तुर्कीत तो, ती, ते या सगळ्यांना एकच ‘ओ’ आहे, त्यामुळे मजकुरावरूनही कळत नाही. तुम्हाला तो हानिम दिसला हे बरं झालं.

इंग्रजीत मात्र मिस्टर किंवा मिझ आडनावालाच लागतं: ‘डिअर मिझ चेलिक’. ‘मिझ डेनिझ’ नको, ‘मिझ चेलिक हानिम’ तर नकोच. वाक्यात मालकी दाखवायला इंग्रजी रीतीने अपॉस्ट्रॉफी एस. त्या मेलमधला ‘इन’ हा तुर्कीचा ‘चा-ची-चे’ आहे, तो इंग्रजीत आणायचा नाही.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. चेलिक म्हणजे पोलाद. धातू म्हणून लिहिलं की प्रत्यय लागताना शेवटचा ‘क’ बदलतो, पण आडनाव असलं की लिहिताना अक्षर हलत नाही, अपॉस्ट्रॉफी त्याला धरून ठेवते. आपण पाटीलचं ‘पाटलांना’ करून मोकळे होतो. ते लोक नाव जपतात.

आणि ही आडनावं जुनी नाहीत. तिथे आडनावाचा कायदा 1934 च्या जूनमध्ये झाला, तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष मुस्तफा केमालना ‘अतातुर्क’ हे आडनाव त्याच वर्षी 24 नोव्हेंबरला मिळालं. दोनच दिवसांनी दुसऱ्या कायद्याने बे, हानिम, पाशा या पदव्या सरकारी कागदांतून गेल्या. बोलण्यातून बे-हानिम काही गेले नाहीत. औपचारिक पत्रात ‘सायिन’ म्हणजे माननीय लिहितात, आणि ते आडनावाला चालतं.

केळीवाला, रावेर

सरांचं बरोबर शे. मी कागदपत्रांचं सांगतो. चेलिकच्या ‘सी’ला खाली शेपटी असते, ती छपाईची चूक समजू नका, तिनेच ‘च’ होतो. बिनशेपटीचा सी म्हणजे ‘ज’. ‘एस’ला शेपटी असली की ‘श’. ‘जी’वर वाटी असली तर तो ग म्हणायचाच नाही, आधीचा स्वर लांबवायचा, म्हणून एर्दोआन. पत्रात ही चिन्हं जरूर टाका, तिकडून आलेल्या सहीवरून कॉपी करा. बँका एकमेकींना पाठवतात त्या स्विफ्ट संदेशात ती बसत नाहीत, तिथे साधा सी येतो. एलसीत (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैशांच्या हमीचं बँकेचं पत्र) जसं स्पेलिंग असेल तसंच त्यांच्या इन्व्हॉइसवरही यायला हवं, कुणी मनाने शेपटी लावू नये, नाहीतर बँक कागद परत करू शकते.

डाळमिलवाली ताई, जळगाव

सर, दादा, खूप आभार. ती शेपटी मी दोन महिने खोडत होते, प्रिंटरची शाई सांडली असेल म्हणून. आत्ता ‘डिअर मिझ चेलिक’ करून मेल पाठवला, मिस्टरबद्दल दोन ओळी माफीही लिहिली. पर्चेस ऑर्डरवरही माझ्या हातून ‘मिस्टर’ गेलंय, ती दुरुस्त करून मालकांच्या सहीला ठेवते.